नाकातली काडी आणि मनातली भीती

साथ कोणतीही असो, ती गावात एकटी येत नाही. तिच्या मागोमाग भीती येते, आणि पुष्कळदा आजारापेक्षा ही भीतीच माणसाला जास्त नडते. कोविडच्या साथीत आपण सर्वांनी हे अनुभवले. ताप आला, वास गेला, अंग मोडून आले. पण तपासणीचे नाव काढताच घरातले गप्प. ‘हवापालटाचा ताप आहे’, ‘पावसात भिजला होता’, ‘काल दही खाल्लं होतं’ अशी शंभर कारणे निघाली. तपासणी मात्र दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस पुढे ढकलली गेली.

आता साथ ओसरली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण विषाणू काही गाशा गुंडाळून गेलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये ‘जेएन.१’ या उपप्रकाराची बातमी आली, त्यात आपल्या राज्यातल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचेही नाव होते. २०२५ च्या मे-जूनमध्ये पुन्हा रुग्ण वाढले. अशी बातमी आली की दवाखान्यात तेच जुने प्रश्न ऐकू येतात. ‘टेस्ट करायलाच हवी का?’ ‘निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो ना?’ ‘ती काडी मेंदूपर्यंत जाते म्हणतात, खरं का?’ या प्रश्नांची उत्तरे साथ नसताना शांतपणे समजून घेतलेली बरी. आग लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नसतो.

लोक का घाबरले?

तपासणी टाळणाऱ्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण २०२० सालच्या उन्हाळ्यातले चित्र आठवून पाहा. एखाद्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला की दारात रुग्णवाहिका उभी राही. गल्लीच्या तोंडाला बांबू आणि पत्रे ठोकले जात. घरातल्या बाकीच्यांना शाळेच्या किंवा वसतिगृहाच्या खोलीत नेऊन ठेवले जाई. रुग्णाचे नाव अहवालाच्या आधी व्हॉट्सॲपवर फिरे. दूधवाला दूध घालायचा बंद होई, दुकानदार लांबूनच हात हलवी. रोजंदारीवर जगणाऱ्याची चौदा दिवसांची मजुरी बुडे. भाजीची गाडी लावणारा, केशकर्तनालय चालवणारा, शिलाई करणारा यांनी तपासणीच्या रांगेत उभे राहायचे म्हणजे पंधरा दिवसांची चूल पणाला लावायची. घरच्या बाईला ताप आला तर तिला पहिली काळजी स्वतःची नव्हे, ‘मी गेले तर भाकरी कोण थापणार’ ही असे.

त्यात अफवांची भर. ‘पॉझिटिव्ह रुग्णामागे नगरपालिकेला दीड लाख रुपये मिळतात’ ही अफवा किती गावांत फिरली, हे वाचकांना ठाऊक आहे. तिला कसलाही आधार नव्हता. पण भीती असली की अफवेला पुरावा लागत नाही.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. १८९६-९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सोल्जरांच्या तुकड्या घराघरांत शिरून रोगी शोधत. सामानाची नासधूस होई, बायकामाणसांची अब्रू राखली जात नसे. परिणाम असा झाला की लोक रोगी लपवू लागले. हा संताप इतका वाढला की २२ जून १८९७ रोजी प्लेग कमिशनर रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी याच साथीत दुसरेही एक चित्र दिसले. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याजवळ दवाखाना उघडला. सावित्रीबाई रोग्यांना स्वतः उचलून तिथे आणत. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रोगी शोधायचा एक मार्ग धाकाचा आणि दुसरा मायेचा, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते. गंमत म्हणजे त्या प्लेगच्या वेळी केलेला १८९७ चा साथरोग कायदाच मार्च २०२० मध्ये आपल्या राज्याने पुन्हा लागू केला. कायदा जुनाच होता. तो राबवताना मागचा धडा आठवायला हवा होता. काही ठिकाणी तो आठवला, काही ठिकाणी नाही.

काडी कुठवर जाते?

आता मुख्य तपासणीकडे वळू. हिचे नाव ‘आरटी-पीसीआर’. कोविडचा विषाणू प्रथम नाकाच्या मागच्या बाजूला आणि घशात वाढतो. म्हणून नमुना तिथला घ्यायचा. त्यासाठी लवचिक दांडीची, टोकाला नायलॉनसारखे कृत्रिम धागे असलेली काडी वापरतात. घरातला कापूस गुंडाळलेली लाकडी काडी चालत नाही, कारण कापूस व लाकूड यांतील द्रव्ये पुढच्या रासायनिक क्रियेत अडथळा आणू शकतात.

काडी नाकपुडीतून वर नव्हे, तर सरळ मागे, कानाच्या दिशेने नेतात. तिथे नाक आणि घसा जिथे मिळतात ती जागा आहे. ती जागा आणि मेंदू यांच्यामध्ये हाडाचा पडदा असतो. शिकलेल्या हाताने घेतलेल्या नमुन्यात काडी मेंदूपर्यंत जाण्याचा प्रश्नच येत नाही. डोळ्यांत पाणी येते, शिंक येते, क्षणभर कसेतरी होते, इतकेच. ज्यांच्या नाकाचे ऑपरेशन झाले आहे, ज्यांचा पडदा फार वाकडा आहे किंवा जे रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेतात, त्यांनी हे आधी सांगावे. मग नमुना घशातूनही घेता येतो.

काडी एका द्रवाच्या नळीत बुडवून, बर्फाच्या डब्यात, साधारण २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात प्रयोगशाळेला पाठवतात. तिथे नमुन्यातल्या विषाणूचे ‘आरएनए’ वेगळे काढून त्याचे ‘डीएनए’मध्ये रूपांतर करतात आणि मग यंत्रात ते पुन्हा पुन्हा तापवून थंड करतात. प्रत्येक फेरीत त्याच्या प्रती दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. अशा तीस फेऱ्या झाल्या की एका धाग्याचे शंभर कोटींहून अधिक धागे होतात. म्हणूनच अगदी थोडा विषाणू असला तरी ही तपासणी त्याला पकडते. ही युक्ती अमेरिकेतील कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये सुचली आणि त्याबद्दल त्यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

किती फेऱ्यांनंतर विषाणू दिसला, तो आकडा म्हणजे अहवालावरची ‘सीटी व्हॅल्यू’. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३५ ही मर्यादा धरली होती. आकडा जितका लहान, तितका नमुन्यात विषाणू जास्त. पण एवढ्यावरून आजार सौम्य की गंभीर हे ठरत नाही. काडी नीट फिरली की नाही, नमुना आजाराच्या कितव्या दिवशी घेतला, वाटेत बर्फ होता की नव्हता, यावर हा आकडा बदलतो. म्हणून आकडा घेऊन घरी रडत बसू नये आणि खूश होऊन हिंडूही नये.

पुण्यापासून तालुक्यापर्यंत

जानेवारी २०२० मध्ये देशातला पहिला रुग्ण केरळात सापडला, तेव्हा त्याचा नमुना तपासला गेला तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत. महाराष्ट्रातले पहिले रुग्णही ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच सापडले. त्या वेळी तपासणीचे संच परदेशातून येत. पुण्याच्या ‘मायलॅब’ या कंपनीने त्याच महिन्यात देशी संच तयार केला. त्या संशोधनाच्या प्रमुख मीनल डाखवे-भोसले यांनी संच मूल्यमापनासाठी सोपवला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना मुलगी झाली, ही हकिगत तेव्हा सगळीकडे गाजली होती. पाच महिन्यांत, म्हणजे जून २०२० च्या अखेरीपर्यंत, देशातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची संख्या एक हजारावर गेली.

लहान गावांना खरा हात दिला तो क्षयरोगाच्या यंत्रांनी. गोव्याच्या ‘मोल्बिओ’ कंपनीचे ‘ट्रूनॅट’ हे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र क्षयरोग निदानासाठी वापरात होते. तेच कोविडसाठी वापरायला एप्रिल २०२० मध्ये परवानगी मिळाली. मोठी प्रयोगशाळा, वातानुकूलित खोल्या यांची गरज नाही आणि उत्तरही सुमारे तासाभरात. जिथे नमुना शहरात जाऊन अहवाल यायला दिवसच्या दिवस जात, तिथे हे यंत्र मोठा आधार ठरले.

दराचीही एक कथा आहे. सुरुवातीला खासगी प्रयोगशाळेत या तपासणीला ४५०० रुपयांपर्यंत आकारता येत होते. जून २०२० मध्ये राज्य शासनाने तो दर २२०० रुपयांवर आणि घरी येऊन नमुना घेतल्यास २८०० रुपयांवर आणला. मार्च २०२१ च्या अखेरीस तो प्रयोगशाळेत ५०० रुपये आणि घरी ८०० रुपये झाला. शासकीय केंद्रात ती विनामूल्यच होती. पण पाच जणांच्या कुटुंबाला साडेचार हजारांचा दर परवडणारा नव्हता, आणि सरकारी केंद्रात गेले की गल्लीला कळते. या दोहोंच्या कात्रीत सापडलेली माणसे घरी बसून राहिली.

पंधरा मिनिटांची तपासणी

दुसरी तपासणी ‘रॅपिड अँटिजेन’. हिला परवानगी मिळाली जून २०२० मध्ये. यात विषाणूचे धागे वाढवत नाहीत. त्याचे प्रथिन थेट शोधतात. पट्टीवर दोन थेंब टाकले की पंधरा ते तीस मिनिटांत उत्तर. नाक्यावर, बाजार समितीत, एस.टी. स्थानकात ज्या तपासण्या झाल्या त्या बहुतेक याच.

हिचा गुण आणि दोष नीट लक्षात ठेवावा. ही पॉझिटिव्ह आली तर विश्वास ठेवावा, कारण आजार नसताना ती सहसा पॉझिटिव्ह येत नाही. पण निगेटिव्ह आली तर? परिषदेने परवानगी देताना जे आकडे दिले त्यांनुसार ही तपासणी शंभर खऱ्या रुग्णांपैकी सुमारे ५० ते ८४ जणांनाच पकडत होती. म्हणजे बाकीचे ‘निगेटिव्ह’ चा कागद घेऊन घरी जाणार. म्हणूनच नियम असा होता की लक्षणे आहेत आणि अँटिजेन निगेटिव्ह आहे, तर आरटी-पीसीआर केलीच पाहिजे. हा दुसरा टप्पा अनेकांनी गाळला. लग्नाला जायचे होते, कामावर हजर व्हायचे होते. हाती कागद आला, तो खिशात घातला आणि मोकळे झाले. पुढे तोच ताप घरातल्या म्हाताऱ्या माणसापर्यंत पोहोचला, अशी उदाहरणे प्रत्येक गावात आहेत.

मे २०२१ मध्ये घरच्या घरी करायच्या संचालाही परवानगी मिळाली. मायलॅबच्या अशा पहिल्या संचाची किंमत तेव्हा २५० रुपये होती. यात काडी फार आत घालावी लागत नाही. संचातल्या कागदावर सांगितले असेल तेवढीच, दोन्ही नाकपुड्यांत फिरवावी. पट्टीवर ‘सी’ जवळ एक रेघ उमटली तर निगेटिव्ह, ‘सी’ आणि ‘टी’ दोन्हींजवळ उमटली तर पॉझिटिव्ह. ‘सी’ जवळ रेघच नसेल तर तपासणी वाया गेली, ती पुन्हा करावी. सांगितलेल्या वेळेनंतर, तासाभराने उमटलेली पुसट रेघ धरू नये. संच घेताना त्याची मुदत पाहावी. साथीच्या वेळी आणून फडताळात पडलेला संच आज उपयोगाचा नाही.

केव्हा तपासावे?

घाई आणि उशीर, दोन्ही नडतात. आज सकाळी रुग्णाच्या शेजारी बसलो म्हणून आज संध्याकाळी तपासून उपयोग नाही. विषाणूला शरीरात वाढायला वेळ लागतो. लक्षणे नसतील तर संपर्कानंतर पाचव्या दिवसाच्या सुमारास तपासणी करावी. लक्षणे दिसली तर मात्र थांबू नये. अँटिजेन तपासणी लक्षणांच्या पहिल्या पाच ते सात दिवसांत जास्त भरवशाची असते. ती निगेटिव्ह आली आणि ताप-खोकला चालूच असेल तर दोन दिवसांनी पुन्हा करावी, किंवा आरटी-पीसीआर करावी.

उलट, बरे झाल्यावर ‘निगेटिव्ह’ होण्यासाठी पुन्हा पुन्हा तपासण्या करणे व्यर्थ आहे. मेलेल्या विषाणूचे तुकडे काही आठवडे नाकात राहतात आणि पीसीआर त्यांनाही पकडते. त्या माणसापासून लागण होतेच असे नाही. मे २०२० मध्येच सौम्य रुग्णांना पुन्हा तपासणी न करता घरी सोडण्याचा नियम झाला होता, तो याच कारणाने.

रक्तातली ‘अँटिबॉडी’ तपासणी ही आज आजार आहे का हे सांगत नाही. पूर्वी होऊन गेला किंवा लस घेतली, एवढेच ती सांगते. ती समाजाचा अंदाज घ्यायला उपयोगी. परिषदेच्या पहिल्या देशव्यापी पाहणीत मे-जून २०२० मध्ये बीड, नांदेड, परभणी, जळगाव, सांगली आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) हे आपले सहा जिल्हे होते. तेव्हा देशात प्रौढांपैकी एका टक्क्याहूनही कमी लोकांत लागणीची खूण सापडली. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या पाहणीत अँटिबॉडी असलेल्यांचे प्रमाण ६७.६ टक्के होते. विषाणू कोठवर पोहोचला होता, हे या दोन आकड्यांवरून कळते.

छातीच्या ‘सीटी स्कॅन’ विषयीही एक शब्द. दुसऱ्या लाटेत कित्येकांनी नाकाची तपासणी टाळून थेट स्कॅन करून घेतला, कारण त्याचा अहवाल नगरपालिकेत जात नाही असा समज होता. स्कॅन हे फुप्फुसाचे चित्र आहे, विषाणूची ओळख नव्हे. आजाराच्या सुरुवातीला ते स्वच्छही दिसू शकते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते करू नये.

धारावीने काय केले?

भीती कशी कमी होते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. मुंबईच्या धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडला, तेव्हा सर्वांनी हात टेकले. सुमारे अडीच चौरस किलोमीटरांत आठ-दहा लाख माणसे, एकेका खोलीत सात-आठ जण, आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचालयाचाच आधार. तिथे अंतर कसे ठेवणार? महापालिकेने रुग्ण दारात येण्याची वाट पाहिली नाही. वस्तीतल्या खासगी डॉक्टरांना बरोबर घेऊन ताप तपासणी शिबिरे घेतली. लोकांच्या ओळखीचा, नेहमीचा डॉक्टर समोर दिसला की लोक बाहेर आले. विलगीकरणात नेलेल्यांना जेवण, औषध, देखरेख मिळू लागली. तिथून परतलेल्यांनी शेजाऱ्यांना सांगितले की बरे होऊन येता येते. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख जगासमोर केला.

ग्रामीण भागात हे काम आशाताई, अंगणवाडी सेविका आणि आरोग्यसेवकांनी केले. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ही माणसे थर्मामीटर आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेऊन दारोदार गेली. अनेक ठिकाणी त्यांना पाण्याचा तांब्याही मिळाला नाही. तरी त्यांनी दार सोडले नाही.

यातून धडा असा की तपासणी ही एकट्या रुग्णाची जबाबदारी नाही. ज्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला त्याच्या घरी भाजी, दूध, औषध पोहोचते का, त्याच्या मालकाने त्याची मजुरी धरली का, त्याचे नाव गटागटांत फिरवले का, यावर पुढचा माणूस तपासायला येतो की लपतो हे ठरते. शेजाऱ्याला वाळीत टाकणारा माणूस आजार घालवत नाही, तो आजार झाकायला शिकवतो.

आज काय करावे?

आज प्रत्येक सर्दीला तपासणीची गरज नाही. जानेवारी २०२२ पासूनच लक्षणे नसलेल्या सर्वांना तपासण्याची पद्धत थांबली. पण पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) साठीच्या पुढची माणसे, मधुमेह, रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड, दमा किंवा कर्करोगाचे रुग्ण आणि गर्भवती स्त्रिया यांनी ताप-खोकला आल्यास डॉक्टरांना लवकर दाखवावे आणि त्यांनी सांगितल्यास तपासणी टाळू नये.

२) घरात असे कोणी असेल तर ताप असलेल्या धडधाकट माणसाने मास्क लावावा, वेगळे झोपावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. त्यासाठी अहवालाची वाट पाहू नये.

३) दम लागणे, छातीत दुखणे, गुंगी येणे, ओठ निळसर पडणे ही धोक्याची चिन्हे आहेत. ऑक्सिमीटरवर आकडा ९४ किंवा त्याखाली गेला तर तडक रुग्णालय गाठावे. कोविडमध्ये काही वेळा आकडा खाली जातो, पण माणसाला दम लागल्यासारखे वाटत नाही. याच फसवणुकीने दुसऱ्या लाटेत अनेकांचा बळी घेतला.

४) मनाने प्रतिजैविके किंवा स्टिरॉइड घेऊ नयेत. २०२१ मधला काळ्या बुरशीचा आजार आठवावा. वाढलेली साखर आणि वारेमाप स्टिरॉइड यांचा त्यात मोठा वाटा होता.

५) निगेटिव्ह अहवाल हा त्या दिवसाचा, त्या नमुन्याचा असतो. तो महिनाभराचा पास नव्हे. लक्षणे वाढली तर कागद बाजूला ठेवून पुन्हा डॉक्टरांकडे जावे.

शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. तपासणीची भीती कोविडबरोबर आली नाही आणि त्याच्याबरोबर गेलेलीही नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असूनही थुंकी न तपासणारी माणसे आजही आहेत, कारण क्षयाचे नाव निघाले तर मुलीचे लग्न मोडेल अशी धास्ती. स्तनातली गाठ वर्षभर लपवणाऱ्या भगिनी आहेत. पायाची जखम चिघळेपर्यंत साखर न तपासणारे आहेत. क्षयाची थुंकी तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात. आणि कोविडच्या काळात ज्या ट्रूनॅट यंत्राने आपले नमुने तपासले, तेच यंत्र क्षयरोगही ओळखते.

तपासणीने आजार होत नाही. असलेला आजार फक्त कळतो, आणि कळलेल्या आजारावर इलाज चालतो. तेव्हा घरात कोणी चार दिवस खोकत असेल, पण ‘काही नाही हो’ म्हणत असेल, तर त्याला रागावू नका. त्याच्या बरोबर दवाखान्यापर्यंत चालत जा. आणि शेजारच्या घरात आजाराची बातमी कळली तर मोबाईल खिशात ठेवा, आणि भाकरी-भाजीचा डबा त्यांच्या दारात नेऊन द्या.